सवतबाई, मागे सरा

मंगळवार, ४ मार्च

लेकीच्या टेबलाच्या खणात ही वही सापडली. पहिल्या पानावर तिने ‘रोजचा व्यायाम’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, पुढे सगळं कोरं. व्यायाम किती झाला ते दिसतंच आहे. वही मी ढापली.

मी सातवी शिकलेली, तीही गावच्या शाळेत, जिथे गुरुजी एक आणि वर्ग सात. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तपासायला कोणी येऊ नये. आणि जावईबापू, ही तुम्ही उघडली असेल तर इथेच मिटा. पुढे तुमच्याबद्दलच आहे.

लेकीच्या घरी येऊन मला आज चार दिवस झाले. लेक मात्र इथे नाही. ती पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. वर्षभरापूर्वी एका पुलासाठी तिला दुसऱ्या शहरात धाडलं, आगगाडीने नऊ तास. आता ते लोक म्हणतात, कायमच्या इथेच राहा. मे संपायच्या आत कळवायचंय. नवऱ्याला तिने दोनदा विचारलं, येतोस का. दोन्ही वेळा तो म्हणाला, “बघू.”

मग मला फोन. “आई, तू तिथे जाऊन राहा जरा. तब्येतीचं कारण सांग.”

“माझी तब्येत ठणठणीत आहे.”

“मग गुडघ्याचं सांग.”

“गुडघा खरंच दुखतो.”

“झालं तर मग! तो दिवसभर काय करतो ते बघ आणि मला सांग. तो येणार नसेल तर मी एकटी जाईन. आणि एकटी गेले ना आई, की मग एकटीच राहीन. कळतंय ना तुला?”

कळलं. न कळायला काय झालं.

जावई माणूस वाईट नाही. बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं होते, शेवटची आठ फोरमन. हाताखाली चाळीस माणसं. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला, तेव्हापासून हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर, कानाला हेडफोन. आमचं दोघांचं जेवताना बोलणं होतं ते असं. “मीठ देऊ का?” “नको, आहे.” अकरा वर्षांत आम्ही मिठाच्या पुढे गेलेलो नाही.

तो गेम म्हणजे माझी सवत आहे, असं लेक म्हणते.

बुधवार, ५ मार्च

हातात फडकं घेऊन हॉलमध्ये तीन वेळा धूळ पुसली. धूळ नव्हतीच. पडद्यावर एक धिप्पाड माणूस, अंगभर लोखंड, हातात दाराएवढी ढाल. आणि आमचे जावईबापू बोलत होते! “घाई नको. डावीकडून या. मी पुढे आहे, तुम्ही माझ्या मागेच राहा.” एका दमात चार वाक्यं. माझ्या हातातून फडकं पडलं.

या माणसाला बोलता येतं हे लेकीला सांगावं की नाही, ते ठरेना.

शनिवार, ८ मार्च

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई बसते. लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, जावयावर पाळत ठेवायचीय, तो खेळतो तो गेम यात घालून दे. तिची पापणीही लवली नाही. माझ्यासारख्या पुष्कळ येत असाव्यात.

तिने समजावलं ते असं. गावं, जंगलं, गुहा, राक्षस, सगळं खोटं. माणसं खरी, आपापल्या घरी बसलेली. मोठ्या राक्षसाला एकटा माणूस पुरा पडत नाही, म्हणून पाच जणांचा गट करायचा. तिघं मारतात. एक मलमपट्टी करते. आणि एक सगळ्यात पुढे उभा राहून मार खातो, त्याला टँक म्हणतात. गच्चीवर असते ती टाकीच मला माहीत. म्हटलं, आमची टाकी हॉलमध्ये आहे.

“तुम्हाला मारायचं काम हवं की बरं करायचं?”

“मारायचं.”

“पण त्यांच्या गटाला बरं करणारी हवीय. गेममध्ये तशी पाटी लावलीय त्यांनी.”

नशिबात हेच. बरं, म्हटलं. मग तिने विचारलं, नाव काय ठेवू? मी म्हटलं, ‘सवत’. ती बया हसून हसून स्टुलावरून घसरली.

हेडफोनही दिले. कानाला लावले की घरात कोणाला काही ऐकू जात नाही म्हणे. वायर लांबच लांब आहे, पायात येऊ नये म्हणून तिचं टोक कमरेला खोचलं. आवाज जरा लांबून आल्यासारखा येतो, पण माझे कान आता असेच.

मंगळवार, ११ मार्च

गेममध्ये प्रत्येकाची लेव्हल असते. मी इयत्ता म्हणते. सगळे पहिलीपासून सुरू करतात. अंगात गोणपाट, हातात लाकडाची काठी, आणि पहिलं काम काय? झऱ्यावरून सात घागरी पाणी आणा! आणलं. लगेच मोठ्ठी तुतारी वाजली, डोक्यावर उजेड पडला, आणि मी दुसरीत. आयुष्यभर पाणी भरलं, एक इयत्ता कोणी दिली नाही.

पुढे लिहून आलं, ‘तुम्हाला चाळीस अनुभव मिळाले.’ सदुसष्ट वर्षांत मला किती मिळाले असतील, मोजायला कोणी बसलंच नाही.

जिन्यात शेजारीण भेटली. “तुमच्याकडे तुतारी कोण हो वाजवतं?” मी म्हटलं, जावई. बेकार माणूस, काहीही करतो.

जेवताना जावईबापू खाली मान घालून हसत होते. “काय झालं?” विचारलं, तर म्हणाले, “काही नाही आई, ठसका.” विनोद आठवला असेल एखादा. चांगलं लक्षण आहे.

सोमवार, १७ मार्च

गटात शिरले! माझी इयत्ता नववी, त्यांच्या इयत्ता चाळीस-साठच्या पुढे. पण मलमपट्टीवाली मिळत नाही म्हणताना माझी वर्णी लागली. गडी सांगते. टाकी आपले जावईबापू. दाताचे एक डॉक्टर, लांबून बाण मारतात, दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा येतात. एक शिंपीण, आगीचे गोळे फेकते, मागे तिच्या मशीनचा खडखडाट चालू असतो. आणि मौनीबाबा. कुऱ्हाड चालवतो, तोंड उघडत नाही. कोण, कुठला, कोणालाच पत्ता नाही.

बाकीचे बोलतात. मी एका बोटाने टाइप करते, कारण बोलले तर जावईबापू आवाज ओळखतील. मी इतकी काही भोळी नाही.

गुहेत गेलो. मारामारी सुरू झाली आणि मी आपली बरं करत सुटले. आधी डॉक्टर, ते परके. मग शिंपीण, बाईमाणूस. मग मौनीबाबा, बिचारा मागत नाही. मग टाकी, घरचाच आहे. उरलं तर मी. एवढ्यात मी मेले. माझ्या मागोमाग सगळे मेले.

डॉक्टर भडकले. “ही बाई काय पंगतीला वाढतेय का?”

टाकी म्हणाली, “चूक माझी. मी सांगितलंच नव्हतं.” आणि मला म्हणाली, म्हणजे म्हणाले, “सवतबाई, क्रम असा ठेवा. आधी तुम्ही, मग मी, मग बाकीचे.”

मी टाइप केलं, ‘आधी स्वतःला वाढून घेऊ? लाज नाही वाटत?’

“तुम्ही पडलात की आम्ही सगळे पडतो. त्यात लाज कसली?”

खूप वेळ त्या वाक्याकडे बघत बसले. ते लिहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, तरी बघत बसले.

आणखी एक. जावईबापू गटात सगळ्यांना अरे-तुरे करतात. दाताच्या डॉक्टरांनासुद्धा. मला तेवढं ‘सवतबाई’ आणि ‘तुम्ही’. मलमपट्टीवालीला मान असतो वाटतं.

शनिवार, २९ मार्च

इयत्ता सोळावी. एक घोळ निस्तरला. दर इयत्तेला पाच गुण मिळतात, ते बळ, चपळाई, शहाणपण, देखणेपण यांत वाटायचे. मी सगळे देखणेपणात घातले होते. म्हटलं, बाकीचं होऊन गेलंय आयुष्यात. म्हणून माझी मलमपट्टी लागू पडत नव्हती! राक्षस तेवढे वळून वळून बघायचे.

टाकीने अर्धा तास समजावलं. डोंगरातल्या म्हातारबुवाकडे एक विसरायचं औषध मिळतं, ते घेतलं की शिकलेलं पुसलं जातं, गुण परत हातात येतात, नव्याने वाटायचे. मला तिथवर नेऊन आणलं. वाटेत म्हणाले, “सवतबाई, गुडघा अवघडला असेल, पाच मिनिटं उठून चाला.” कसं ओळखलं कोण जाणे. सगळ्याच मलमपट्टीवाल्या बसून बसून अवघडत असाव्यात.

उठले तेव्हा लक्षात आलं, मी बसले होते ती उशी नवी. जावईबापूंनी सकाळीच आणून ठेवली होती. “सेलमध्ये होती,” म्हणाले.

मी त्यांना गेममध्ये गाढव म्हणते, मूर्खा म्हणते, ‘ए टाकी, झोपलास का रे’ म्हणते. जेवणाच्या टेबलावर पुन्हा अहो-जाहो. दोन्हीकडे माणूस तोच, माझं तोंडही तेच. मजा येते.

रविवार, ६ एप्रिल

आज कळलं की टाकीचं काम मारणं नाही. राक्षसाला ज्याचा राग येतो त्याच्यावर तो धावतो. टाकीने आरडाओरडा करून, ढाल बडवून तो राग स्वतःवर ओढून घ्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे मागचे चौघं आपापलं काम करतात.

आमचे हे चांगले होते, पण आपल्या आईचा राग आला की तो माझ्याकडे ढकलून मोकळे. चाळीस वर्षं टाकी मीच. जावईबापूंकडे बघून वाटलं, असा एखादा घरात असता तर. मग आठवलं, घरातच आहे.

विसावीला मेलेल्याला उठवायची विद्या मिळाली. दहा सेकंद एका जागी उभं राहून हात वर धरायचे, की मेलेला उठतो, अंग झटकतो. पहिल्यांदा डॉक्टरांना उठवलं. म्हणाले, “आभारी आहे, सवतबाई.” पंगतीचं बोलले होते, ते आठवत असणार.

गुहेच्या तळाशी एक दगडी म्हातारी आहे, हातात लोखंडी पळी. चार महिने ती यांना पुरून उरलीय. कशावरून चिडेल याचा नेम नाही, म्हणून मी तिला विहीण म्हणते. माझी खरी विहीण मी पाहिलीच नाही, जावयाच्या लग्नाआधीच गेली बिचारी. माझ्या वाट्याला ही आली.

गुरुवार, २४ एप्रिल

आज हातून वाईट काम झालं. लिहिते, म्हणजे पोटातून जाईल.

जावईबापू अंघोळीला गेले होते. मी खरोखरच धूळ पुसत होते. कीबोर्डखाली एक पत्र होतं. वाचलं. लेकीच्या शहरातल्या, बोटी दुरुस्त करायच्या कारखान्याचं. फेब्रुवारीचं. ‘आपला अर्ज स्वीकारला आहे, नवशिके वेल्डर म्हणून’ वगैरे. म्हणजे या माणसाने अर्ज केला, जागा मिळाली, आणि दोन महिने पत्रावर कीबोर्ड ठेवून बसलाय. लेकीला ‘बघू’ सांगून.

एवढा राग आला की पाणी प्यावं लागलं. लेकीला लगेच फोन लावणार होते. बटणापर्यंत बोट गेलं. पण सांगू काय? ‘तुझा नवरा येऊ शकतो, पण येत नाही’? हे ऐकलं की ती त्याच मिनिटाला एकटी जायचं ठरवील. पोर माझीच आहे.

चार वाजता गेममध्ये आडून विचारलं. ‘टाकी, तू दुसरं एखादं नवीन पात्र का काढत नाहीस रे?’

पडद्यावर त्यांनी ढाल खाली ठेवली. मग म्हणाले, “साठावीतून परत पहिलीत कोण जाणार, सवतबाई? पुन्हा गोणपाट, पुन्हा काठी. कोणीही यावं, टपली मारून जावं.”

‘पाणी भरावं लागतं, त्याचीच भीती ना?’

“तसंच काहीसं.”

संध्याकाळी लेकीचा फोन. “काही कळलं?” मी म्हटलं, अजून बघतेय. ‘बघू’ मीही म्हणायला लागले. मी बरोबर करतेय की चूक, काही समजत नाही.

शनिवार, ३ मे

आजचं आजच लिहिते.

लेक परवा आली, चार दिवसांच्या रजेवर. आणि काय सांगू, दोघं एकमेकांशी बँकेतल्यासारखी बोलत होती. “चहा घेणार?” “तुला त्रास नसेल तर.” त्रास नसेल तर! अकरा वर्षांचा संसार! मला भांडी आपटावीशी वाटली. आपटली एक-दोन.

आज चारला विहिणीवर चाल करायचं ठरलेलं. लेकीला म्हटलं, मी जरा पडते. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. घराची रचना अशी की हॉल एकीकडे, माझी खोली दुसरीकडे, मध्ये स्वयंपाकघर.

लढाई काय रंगली! विहिणीचा जीव अर्ध्यावर आला, मग पावावर. शिंपिणीचं मशीन बंद झालं, म्हणजे बघा. हॉलमधून जावईबापूंचं चालू होतं, “सवतबाई, आधी स्वतःला! शाब्बास! आता मला!” माझा हात असा चालला होता की बस. आणि तिथेच घोटाळा झाला. फार बरं केलं की राक्षस मलमपट्टीवालीवर चिडतो. विहीण टाकीला सोडून पळी उगारून माझ्यावर आली.

“आई, मागे सरा! आई! मागे!”

मला वाटलं, घाबरला बिचारा, आईला हाक मारतोय. आई जाऊन वीस वर्षं झाली त्याची. मला एकदम भरून आलं. मी टाइप केलं, ‘रडू नको रे मूर्खा, मी आहे ना.’

आणि दारात लेक. हातात सोलाणं.

“आई, तो तुला हाक मारतोय.”

“मला? छे गं. तो त्याच्या...”

“हॉलमध्ये तो ओरडतोय. तुझ्या खोलीतूनही तोच ओरडतोय. मी मध्ये उभी आहे, मला दोन्हीकडून ऐकू येतंय.” तिने माझ्या कमरेची वायर ओढली आणि टोक माझ्या नाकासमोर धरलं. “हे कुठे खुपसतात, माहितीये?”

तेवढ्यात आम्ही पाचही मेलो.

जावईबापू तिच्या मागे येऊन उभे राहिले. हेडफोन गळ्यात, कान लाल.

मी विचारलं, “कधीपासून माहिती होतं?”

“पहिली तुतारी वाजली तेव्हापासून.”

“आणि मग मला मेलीला दोन महिने नाचवलंत!”

“तुम्ही पाळत ठेवत होतात. कोण कोणाला नाचवत होतं?”

लेक एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. “थांबा. ‘सवत’ तू आहेस? मी तिकडे बटाटे सोलत ऐकतेय, माझा नवरा सवतबाई शाब्बास, सवतबाई आता मला...” तिला हसू येत होतं, पण ती ते दाबत होती, कारण तिला रागवायचं होतं. “तू बोलला का नाहीस रे?”

जावईबापू भिंतीला टेकले. “बोललो असतो तर आई पुन्हा ‘मीठ देऊ का’वर आल्या असत्या. कारखाना बंद झाल्यापासून सगळे माझ्याशी जपून बोलतात. मी काचेचा असल्यासारखे. तू फोन करतेस ना, आधी घसा साफ करतेस. ऐकू येतं मला. एकट्या सवतबाई मला गाढव म्हणायच्या. चार वाजायची वाट बघायचो मी.”

मी आपली वायर गुंडाळत बसले.

लेकीने सोलाणं वर केलं. “मी घसा साफ करते? वर्षभर एकेक शब्द निवडून बोलतेय मी, तुला लागू नये म्हणून, आणि तुला शिव्या हव्या होत्या? अरे गाढवा! अरे बैला! बघू, बघू, बघू! काय बघतोयस? कधीपर्यंत बघणार? तिकडे रोज दोन कप विसळते मी, एक उगीचच!”

जावईबापू गप्प. तेच ते गप्प, जेवणाच्या टेबलावरचं. मला वाटलं, गेलं हातातून. मग मी म्हटलं, “बोटींच्या कारखान्याचं पत्र सांगा तिला.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विहिणीची पळी बरी.

पण सांगितलं. सगळं सांगितलं. “नवशिका म्हणून घेतायत. कालपरवा शिकून आलेल्या पोरीच्या हाताखाली. चाळीस माणसं होती माझ्याकडे. तिकडे तू एवढी साहेब, आणि मी गंज खरवडणार. लोक विचारतील, हा कोण?”

“लोकांनी विचारलं तर सांगीन, माझा नवरा आहे, आणि बिनडोक आहे!”

मग माझंही तोंड सुटलं. “सदुसष्टाव्या वर्षी गोणपाट घालून पाणी भरलं मी. तू भिंतीपलीकडे बसून हसत होतास, तेव्हा मला लाज नाही वाटली ती? आणि तिकडे कोणी टपली मारली तर मला कळव. माझी इयत्ता एकतीस आहे.”

अरे-तुरे झालं ते नंतर लक्षात आलं.

लेकीने सोलाणं खाली ठेवलं. मग माझ्या लॅपटॉपमधून आवाज आला, एकदम खर्जातला, आम्ही कोणीच आधी ऐकलेला नव्हता. “जा रे बाबा तिच्याबरोबर.”

जावईबापूंच्या गळ्यातला माइक चालू होता. गटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं होतं. मौनीबाबाला वाचा फुटली, ती अशी.

रविवार, ४ मे

दोघं सकाळपासून भांडताहेत. कपाट न्यायचं की नाही यावरून. तिथपर्यंत मजल गेली! मी दार लावून ऐकतेय. कारखान्यात फोन केला त्यांनी, जागा आहे अजून, दोन जूनला या म्हणाले.

लेक निघताना मला म्हणाली, “तुला पत्राचं आधी माहिती होतं, आणि मला सांगितलं नाहीस.” म्हटलं, नाही सांगितलं. तशी ती गळ्यात पडली. आमच्याकडे ही पद्धत नाही, त्यामुळे दोघींचे चष्मे अडकले.

मंगळवार, २० मे

विहीण पडली! मेली एकदाची! शिंपीण रडली. डॉक्टरांनी एका पेशंटला तोंड उघडं ठेवून खुर्चीत बसवलं होतं. मौनीबाबा पुन्हा गप्प झालाय. एका वाक्याने त्याचा वर्षाचा साठा संपला असावा.

घरभर खोकी. जावईबापूंनी लॅपटॉप माझ्या सामानात स्वतः बांधून दिला, वायरीसकट, आणि वायरीच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली. “हे टोक भोकात,” म्हणाले. जेवताना मी विचारलं, “मीठ देऊ का?” आणि दोघंही असे हसत सुटलो की शेजारणीने भिंत ठोकली.

उद्या ते नऊ तास तिकडे, मी दोन तास इकडे, माझ्या घरी. बरंच आहे. चांगलंच झालं. तरी खोकी बघवत नाहीत.

रविवार, २२ जून

मधे लिहिलं नाही, कारण घडलं काही नाही. माझं घर मला मोठं होतंय. गट आता फक्त रविवारी, जावईबापूंना सुट्टी असते तेव्हा. पहिल्या आठवड्यात त्यांना गंजच खरवडायला दिला. वरची बाई चोवीस वर्षांची आहे, म्हणते, “काका, असं नाही, असं.” सांगताना हसत होते. परवा पहिला जोड त्यांच्याकडून करून घेतला. तिने बोटाने चाचपून पाहिला आणि काही न बोलता पुढे गेली. “म्हणजे बरोबर होता,” म्हणाले. फोरमन असताना तेही असंच करायचे म्हणे.

आज चारला गेले तर टाकीशेजारी कोणीतरी गोणपाट घालून उभं, हातात काठी. नाव वाचलं, ‘पहिली’.

“नाव आवडलं का, सवतबाई?” लेकीचा आवाज. मागे तिथल्या पंख्याची घरघर, आणि जावई तिला सांगत होता, हे बटण नाही, ते बटण.

मी म्हटलं, माइकवरच म्हटलं, आता लपवायचं काय, “इयत्ताही पहिलीच. गप्प उभी राहा, कशाला हात लावू नकोस.”

ऐकेल तर शपथ. तळ्याकाठी पांढरं बदक असतं, ते आपणहून कोणाच्या वाटेला जात नाही. “हे काय करतं गं?” म्हणत तिने त्याला काठीने ढोसलं. बदक वळलं. दोनदा चोच मारली. पूल बांधणारी माझी लेक चिखलात आडवी, पाय वर.

जावई ओरडला, “आई, उठव ना तिला, लवकर!”

“आई, हसू नकोस, उठव!” हे लेकीचं.

“उठवते हो,” म्हटलं. “ही विद्या फार अवघड असते, वेळ लागतो.”

दहा सेकंद लागतात. मी चहा ठेवला, दोन्ही हातांची बोटं कपाभोवती शेकत सावकाश प्याले, कप विसळून पालथा घातला, आणि मग हात वर केले. गेले आठ दिवस पोरीने मला एक फोन केला नव्हता.